चौथा स्तन

भवानी पेठेत खळदकरांच्या घाण्यावर
दर पंधरवड्याला मी जवसाचं तेल घ्यायला जाते.
"ताई, एवढं कोण खातं तुमच्या घरी?"
उंदीर, मी सांगते.
ते हसतात, काटा पुसतात,
आणि धार जरा उशिरा तोडतात. उंदरांसाठी.

पाषाणला प्रयोगशाळेत चाळीस माद्या.
वीसजणींना जवस, वीसजणींना सूर्यफूल;
कुणाला काय, ते पिंजऱ्यावर लिहीत नाहीत, नुसते आकडे.
पण मला कळतं.
जवसवालीच्या मिशांना
नुकत्या रंगवलेल्या दाराचा वास येतो.
हे मी बर्वे मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

बाराव्या आठवड्यात भोईटे पिंजरे आणून ठेवतो
आणि बाहेर जाऊन उभा राहतो.
उंदरीला दहा स्तन. आम्ही चौथा घेतो,
मांडीजवळचा, नखाएवढा,
पातीखाली लोण्यासारखा निसटणारा.
तो मेणात बसवायचा, कापायचा
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
गुलाबी आणि जांभळ्यात बुडवायचा.

मग भिंगाखाली मोजणी.
मधे एक मेदपेशी मेलेली,
भोवती रक्तातून आलेल्या भक्षकपेशी
मयताला जमल्यासारख्या, खेटून.
पुस्तकात याला मुकुट म्हणतात.
एका काचेवर सदतीस मुकुट, चहाच्या आधी.

माझाही डावा पेटला होता एकदा,
ओवीच्या वेळी, सतराव्या दिवशी,
धायरीच्या भाड्याच्या खोलीत.
दूध थिजून दगड. ताप एकशे तीन.
जाऊबाई म्हणाल्या, तेलकट खाल्लंस.
सासूबाई म्हणाल्या, खाल्लंच कुठे काही.
एरंडाचं पान तव्यावर शेकून बांधलं,
वर गोळ्या. कशानं उतरलं
कोण जाणे.
आत कोण कोण जमलं होतं
ते कुणी मोजलं नाही.

सतरा नंबरची काच.
चार.
पुन्हा मोजते, डावीकडून उजवीकडे, मग उलट.
चारच.
हिच्या मिशा आठवू नयेत
म्हणून उठून खिडकी उघडते.
बाहेर करंजाखाली भोईटे डबा खातोय.
भाकरी, कांदा, काळपट चटणी.
"जवसाची आहे," गजांतून हात वर करत म्हणतो, "घ्या की."

वहीत लिहिते: सतरा. चार.
मॅडम म्हणतील, चाळीसांवर काही सिद्ध होत नसतं.
खरंच आहे.
आणि वासाचं त्यांना सांगायला हवं. उद्या.
चटणीचं बोट ॲप्रनला पुसते,
अठरा नंबर सरकवते.