नव्वद दिवस

कापलेली विमानं
नव्वद दिवस उघड्यावर ठेवायची,
असं कलम होतं.
ताडपत्री नाही, आडोसा नाही.
धड इकडे, शेपूट तिकडे,
वरून जाणाऱ्या उपग्रहाला
स्वच्छ दिसलं पाहिजे.

मी त्या तळावर दुभाषी होते.
युक्रेनच्या सपाट मुलखात, फेब्रुवारीत.
ओमेल्यान गॅसकटर चालवायचा
आणि ओहायोहून आलेला मर्विन
बर्फात गुडघे टेकून मोजायचा
धड आणि शेपटीतलं अंतर.
नाक लाल, बोटं बधिर,
पण सेंटिमीटर सोडायचा नाही.

"विश्वास नाही का आमच्यावर?"
ओमेल्यानने विचारलं. मी भाषांतर केलं.
"विश्वास असता
तर टेप कशाला आणली असती?"
तेही केलं, शब्दाला शब्द.
मग दोघं हसले
आणि एकाच थर्मासमधला चहा प्याले.

बारा वर्षं ओमेल्यानने
ह्याच विमानांची पोटं ग्रीस लावून सांभाळली होती.
पहिला काप घेताना पुटपुटला,
"डुक्कर मारताना ते ओरडतं तरी."
हे मात्र मी मर्विनला सांगितलं नाही.

बर्फ वितळला.
एका पंखाखाली कोल्हीण व्याली.
नव्वदाव्या दिवशी भंगारवाले आले,
तिनं पिलं उचलून कुठे नेली
ते कोणत्याच कलमात नाही.

आता रात्री भोंगा वाजतो.
तळघरात ओमेल्यानचा नातू ओस्ताप
माझ्याकडे न बघता म्हणतो,
"आजोबांनी कापली नसती तर?"
लढाईत कमवावं, तहात गमवावं;
आम्ही तर लढाईआधीच गमावलं,
असं त्याला वाटतं.
एकोणीस वर्षांचा आहे. वाटू दे.
माझ्याकडे उत्तर नाही,
दोन्ही भाषांत शोधलं.

एवढंच ठाऊक आहे:
ज्यांची शेपटं माझ्यासमोर मोजली गेली
त्यातलं एकही
आज कोणाच्या छपरावर येत नाही.
येतात ती दुसरी,
ज्यांना कधी कोणी टेप लावली नाही.

सकाळी ओस्ताप माझ्याकडे येतो.
खिडकी गेली आहे, प्लायवूड मारायचं आहे.
मर्विन जाताना ठेवून गेला होता ती टेप
मी कपाटातून काढते.
आकडे पुसट झालेत, स्प्रिंग अजून कडक आहे.
"नीट धर," तो म्हणतो,
"सरकतेय."
मी दुसरं टोक धरते.