फालसा

शेड-कार्डात नव्हताच तो रंग.
मल्हारगंजच्या दुकानात शेवटी
पर्समधला रुमालच पसरला काउंटरवर.
"मॅडम, ये तो दाग है."
म्हटलं, हाच.

मे महिन्यात रजिस्ट्रारकडे सह्या करून येताना
मोघ्यांनी गाडीवरचे फालसे घेतले होते,
मीठ लावून, कागदाच्या पुडीत.
पुसायला माझा रुमाल.

पलंगामागची भिंत फालसा,
बाकीच्या फिक्या गुलाबी,
महेश्वरी पडद्याला जांभळी किनार.
इरफान शिडीवरून विचारतो,
"बिटिया का कमरा है?"
नाही रे. माझा.
एकोणसाठ पूर्ण.

"फार होतंय का हो?"
मोघे काही बोलत नाहीत,
ओल्या भिंतीला बोट लावून बघतात,
मग इकडेतिकडे शोधतात
पुसायला काही.

रुमाल आहे माझ्याकडे.
देत नाही.