शुक्रवारचा शटडाऊन

आधी वाटलं, फ्रिज.
मग शेजारच्या ठोंबऱ्यांचा इन्व्हर्टर.
मग घणसोलीच्या नाल्यावरून जाणाऱ्या
त्या हाय टेन्शनच्या तारा,
दमट हवेत करकरतात म्हणे.
मोरेश्वर स्टुलावर चढून
सेट-टॉप बॉक्सला कान लावून आला,
गच्चीवरच्या पंपाची चौकशी करून आला,
वॉचमनला उगीच दोन शब्द सुनावून आला.

त्या शुक्रवारी अंगात कसर म्हणून मी घरीच.
दहा वाजता लाईट गेली,
अख्खा सेक्टर गप्प.
पंखा थांबला, लिफ्ट थांबली,
खालच्या गिरणीचा पट्टा फटफटत थांबला.
आणि तो? बारीक, एकसुरी,
शिट्टीच्या आधीचा कुकर जसा,
तसाच.
म्हणजे मीटर माझंच होतं.

गोळीची बाटली उशाशी.
पंच्याहत्तर मायक्रोग्रॅम, उपाशीपोटी,
मग अर्धा तास चहाकडे बघत बसायचं.
एवढीशी ती गोळी,
आणि तिच्या मर्जीवर भुवया, नखं, पाळी, रडू.
रोज न्हाणीच्या जाळीवर केसांचं एक घरटं.
बोटातली अंगठी साबणालाही बधत नाही.
एप्रिलात स्वेटर घालून वाशीच्या बसमध्ये चढते,
कंडक्टर बघतो.
बघू दे.

फोनवर पार्टी विचारते, "सर, आज कांदा काय भाव?"
पहिल्यांदा मी दुरुस्त केलं होतं.
आता सरांच्याच आवाजात भाव सांगते.

कांदा-बटाटा मार्केटात एकोणीस वर्षं
एकाच गाळ्यात हिशेब लिहिते,
आणि परवा चिठ्ठीवर नाव घालायचं
तर समोर उभ्या माणसाचं नावच गेलं.
चेहरा होता. डोक्यावरचं फडकं होतं.
त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आले होते.
पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका पसरत चाललेला.
"आनंदा, ताई," तो म्हणाला. "शेलार."
आणि पाठीवरची गोणी सावरत
असा हळू बाजूला झाला
जसं ओझं मीच उचललं होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेची खोली आहे.
दार बसतं डब्याच्या झाकणासारखं घट्ट.
"आवाज आला की बटण दाबा,"
ऋजुता नावाची मुलगी म्हणाली,
माझ्या मुक्तापेक्षाही लहान असेल.
मी दाबलं.
परत दाबलं.
मन लावून दाबत राहिले, शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखी.
काचेपलीकडून तिचा आवाज आला,
"काकू, मी अजून काही लावलंच नाहीये."

रिपोर्टवर एक रेघ, उजवीकडे घसरत गेलेली.
"सवय होईल," डॉक्टर म्हणाले,
"रात्री पंखा लावून झोपा, तेवढाच आवाज झाकला जातो."
पंखा!
मला, जिला मे महिन्यात गोधडी लागते.

डोस आता शंभरचा झालाय.
फरक पडायला सहा आठवडे, म्हणतात.
मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
बारीक टिंबं देत चाललेय,
मध्येच एखादं द्यायचं विसरतेय,
मग आठवून दोन देतेय.

आज परत शुक्रवार. मी रजेवर,
मोरेश्वर रात्रपाळी करून आलेला, झोप न लागलेला.
दुपारी साडेतीनला अचानक म्हणाला,
"नेमका कसा आहे गं तो?"
कुकर सांगून झाला होता, तारा सांगून झाल्या होत्या.
मी म्हटलं, "ये, ऐक."
त्याने खरंच कानाला कान लावला.
गार कान. दाढीचे खुंट.
खिडकीतून खाडीचा वास येत होता, ओहोटीचा,
कुठेतरी कुणी पातेलं खरवडत होतं.
"काही नाही," तो म्हणाला.
बाजूला मात्र झाला नाही.

चारला लाईट आली.
फ्रिज दचकून सुरू झाला.
"हा? हाच का?"
"नाही," मी म्हटलं,
"पण असू दे चालू."