सहा बोटं

आखाजीला भाचा आला, चाकणहून,
लॅपटॉपच्या पडद्यावर एक गाडी घेऊन.
लाल नाही, म्हणाला, ह्या रंगाला अजून नाव ठरलं नाही.
दोन माणसांची. बुटकी.
दारं कोंबडीनं पंख झाडावेत तशी वर जाणारी.
समोरच्या कंपनीनं काढली म्हणून आपणही काढावी का,
यावर तिकडे चौथ्या मजल्यावर तीन महिने बैठका चालल्यात.
"मामा, तुले काय वाटते?"

मी तेव्हा गाडीखाली होतो.
सत्तावीस वर्षं ह्याच कंपनीच्या गाड्या मी खालून पाहतोय.
लोक गाडी तोंडावरून ओळखतात,
मी पोटावरून.
भालोदच्या मास्तरीणबाईंच्या गाडीच्या चेंबरवर
शाळेसमोरच्या गतिरोधकाचे ओरखडे आहेत, एकाखाली एक,
दारामागं पोरांची उंची लिहून ठेवावी तसे.
हिंगोण्याच्या एका गाडीत मागची सीट कधी नव्हतीच,
तिथं खताच्या गोण्या, केळीची रोपं, एकदा बाळंतीण.
ते बाळ परवा लायसन घेऊन आलं,
हॉर्न बदलायला.

सांगणं सोपं होतं. सांगितलंही:
"नको काढू बा.
इकळे मे महिन्यात डांबर चपलेले चिकटते.
पुढं केळीचं ट्रॅक्टर, मांगं केळीचं ट्रॅक्टर,
अडीचशेचा काटा कोणाले दाखवशीन?
तुमचं चिन्ह पाहून लोक मान वळवत नही.
पार्ट भेटते का, तेवढं इचारता."

अकील तडवी पाना देता देता हसला.
भाचा नाही हसला.
उकिडवा बसला, चाकाशी तोंड आणून म्हणाला,
ह्या साध्या गाडीत जो ब्रेक आहे ना मामा,
तो पहिल्यांदा अशाच न परवडणाऱ्या गाडीत होता.
आणि मग, जरा थांबून,
आठ वर्षं झाली,
मी फक्त कप ठेवायचे खळगे काढतोय.

ह्याला काय उत्तर देणार?
विचारलं, "जमिनीपासून किती?"
"एकशे दहा मिलिमीटर."
मी फरशीवर बोटं रचून पाहिली.
सहा बोटं.
माझी छाती बारा.
"लिफ्टवर घ्यावी लागीन," तो म्हणाला.
लिफ्ट माझ्याकडे नाही.

जिच्याखाली माणूस आडवा होऊ शकत नाही
तिचं दुखणं कुणाला कळायचं?
मनात आलं, बोललो नाही.
आत वरण-बट्टी निवत होती,
बहिणीनं दोनदा हाक मारली होती.

जेवताना त्यानं पडदा पुन्हा उघडला,
गाडी फिरवली, पाठमोरी केली.
मागची चाकं जिथं अंगात शिरतात तिथली ती रेघ...
मी बट्टी चुरता चुरता थांबलो.
लपवायचं कशाला, थांबलो.
तुपाचं बोट पडद्याला लागलं.
"ही रेघ कोणाची?"
"माझी," म्हणाला. "रात्री काढली.
बैठकीत नाही दाखवली अजून."

रात्रीच्या रेल्वेला त्याला भुसावळला सोडलं.
येताना आमोद्याचे तीन गतिरोधक मोजले,
खाली उतरून, वितीनं, बॅटरी तोंडात धरून.
एक टेम्पोवाला थांबून विचारून गेला,
काका, काही हरवलं का?
तिघांपैकी एकही माफ करणारा नव्हता.

सकाळी अकीलला म्हटलं, शेडमागचा खड्डा साफ कर.
बापानं ट्रकांसाठी खणलेला तो खड्डा,
त्यात आता जळकं ऑइल, केळीची सुकी पानं,
कुणाची तरी एक चप्पल.
"कोणती गाडी येऊन राह्यली, उस्ताद?"
"कोणतीच नही."
"मंग खोल किती करू?"
मी उतरून उभा राहिलो.
खांद्यापासून वर मी बाहेर होतो, सातपुडा दिसत होता.
"अजून दीड हात," म्हटलं,
आणि पायानंच थोडी माती उकरून पाहिली.