तेम्पो म्हणजे वेळ

हेडफोनचा एक कान मेलाय.
म्हणून डाव्या कानात इटलीतली बाई
आणि उजव्यात आमचं वेळगें:
देसायांचा कोंबडा, पंचायतीचा नळ,
चिंचेखाली पत्ते पिसणारे माझेच जुने ड्रायव्हर सोबती.

मी बसतो टिपरच्या केबिनमध्ये, काचा वर करून.
घरात बोललो तर मुलगी हसते.
टिपर हसत नाही.
खाण बंद पडली तेव्हापासून तो इथंच,
टायर मातीत बुडालेले,
हौद्यात आघाडा, आणि कुठून आलं कोण जाणे
पपईचं एक झाड. यंदा तीन पपया.

पाठ पहिला. बाई म्हणते, नाव सांगा.
मी कियामो झिलू माजीक.
बघा, पहिलाच शब्द मी.
परक्याच्या घरात पाऊल टाकावं
आणि उंबऱ्यावर आपलीच चप्पल दिसावी, तसं झालं.
तू म्हणजे तूच.
नावे म्हणजे जहाज. त्याच्या पोटातल्या लाँड्रीत
माझ्यासाठी जागा आहे म्हणतो वास्कोचा एजंट,
मुलाखतीत चार वाक्यं धड बोललो तर.
मांजारे म्हणजे जेवणं.
पाने म्हणजे पाव.
साले म्हणजे मीठ; हे मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.
आणि तेम्पो म्हणजे वेळ.

इथं थांबलो. पाठ मागे नेला. पुन्हा ऐकलं.
टिपर घ्यायच्या आधी माझा टेम्पो होता,
साखळीच्या सोमवारच्या बाजारात कलिंगडं वाहायचा.
चांगला चालत होता.
तो विकून, वर बँकेचं कर्ज काढून,
हे धूड घेतलं.

बाई विचारते आणि गप्प राहते.
तीन सेकंद.
पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी
कुणी पान मांडून ठेवावं, तशी गप्प.
बँकेचा मॅनेजर, खाणीचा साहेब, एजंट,
कुणी मला एवढी जागा दिल्याचं आठवत नाही.
मग मी काहीही बोललो असलो तरी ती म्हणते, बेनिस्सिमो.
एकदा मुंगी चावली म्हणून शिवी हासडली.
बेनिस्सिमो.
एकदा काहीच बोललो नाही.
त्यालाही.

पाठ सतरा: तुमच्या खिडकीतून काय दिसतं?
माझ्या खिडकीतून खाणीचा खड्डा दिसतो,
तळाशी हिरवं पाणी,
त्यात घसरलेली गोविंदाची म्हैस वर आलीच नाही.
याला शब्द कुठून आणू?
दोन सेकंद संपले होते.
मारे, मी म्हणालो. समुद्र.
खोटं बोलता आलं,
म्हणजे भाषा यायला लागली म्हणायची.

काच वर असली तरी माझा आवाज बाहेर जातो.
सत्यवती खाली पायरीवर भिरंडं फोडत बसते,
हात कोपरापर्यंत जांभळे, मान खाली.
मी आकडे म्हणतो: चिंक्वे, सेई, सेत्ते, नोवे...
खालून आवाज येतो,
"ओत्तो खंय गेलो?"

गुरुवारी म्हापशाचा भंगारवाला आला.
टिपरच्या दारावर बोटांनी टकटक केलं,
आवाज ऐकला, भाव सांगितला.
मी सवयीनं तीन सेकंद थांबलो.
तेवढ्यात त्यानंच पाच हजार वाढवले.
"बेनिस्सिमो," सत्यवती म्हणाली,
मान वर न करता.

मी हौद्यात चढलो. चाळीस हजार खेपांची लाल माती,
पावसानं धुवूनही न गेलेली, नखांत भरली.
दोन पपया पिकल्या होत्या, त्या उतरवल्या.
तिसरीला बोटानं दाबून पाहिलं.
"हिला अजून तेम्पो लागेल," मी वरूनच म्हणालो.
भंगारवाला म्हणाला,
"टेम्पोत कुठं मावतंय हे? क्रेनच आणतो."