लेअर नंबर सतरा

एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
समुद्रापासून दीडेकशे किलोमीटर आत
मी समुद्र काढते.
निळ्याची छटा ठरलेली आहे, ऑफिसची स्वतःची,
मालदीवच्या कुठल्याशा ब्रोशरवरून उचललेली.
कातळवेळच्या खाडीला ती शोभत नाही.
तिथलं पाणी चहाच्या रंगाचं,
कोऱ्या चहाच्या.

सर्व्हेवाल्याच्या फाइलमध्ये एकोणीस लेअर होते.
सतरावा: खारफुटी.
बारीक हिरवे ठिपके, दोन हजारांच्या वर.
बिचारा एकेका झाडापाशी चालत गेला असणार,
गुडघाभर चिखलातून.
हसबनीससरांनी खुर्ची ओढली, माझ्या हातातला माउस घेतला.
दिव्याचं चिन्ह पिवळं होतं, ते राखाडी झालं.
"डिलीट कशाला? नुसतं ऑफ ठेव.
क्लायंटला प्लॅन स्वच्छ दिसला पाहिजे."
मग भरतीची रेषा, ती पश्चिमेला ढकलायची.
"जराशीच गं. नऊ मीटर."
माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात
त्यांनी सहा महिने पूर्ण पगार दिलाय.

एकदा गेले होते मी तिथं, टेपचं दुसरं टोक धरायला.
ओहोटी होती.
हलिमाबी दर्वेश कमरेत वाकून
खडकावरची कालवं कोयतीनं सोडवत होती.
विचारलं, ही जागा कुणाची?
"अर्धा दिवस आमची," म्हणाली,
आणि हनुवटीनं पाण्याकडं दाखवलं.
मग मुळांच्या जाळीतून ओंजळभर पाणी उचलून
माझ्या नाकाशी आणलं.
मला काहीच दिसेना.
"डोळे बघ, डोळे."
आणि दिसले:
टाचणीच्या टोकाएवढे, काळे, जोडीजोडीनं,
भोवती अंगच नाही.
कोळंबीची पिल्लं.

येताना तिनं पिशवीभर कालवं दिली.
ताम्हिणी घाटभर ती गळत राहिली.
कंडक्टर म्हणाला, "ताई, काय मेलंय?"

प्लॅनमध्ये तिथं इन्फिनिटी पूल आहे,
समुद्राला चिकटून, कारण पाहुण्यांना
समुद्रात पाय घालायचा नसतो.

रेषांचं मला कुणी सांगू नये.
विठ्ठलवाडीच्या अलीकडे, नदीकाठी राहतो आम्ही.
बिल्डरच्या नकाशात निळी पूररेषा
सोसायटीच्या मागच्या भिंतीला वळसा घालून जाते,
सोवळ्यातल्या बाईसारखी, अंग चोरून.
धरणातून पाणी सोडलं त्या पहाटे
मुठेनं तो नकाशा पाहिला नव्हता.
लिफ्टच्या खड्ड्यातून ती वर आली,
पार्किंगमधल्या स्कूटर एकमेकींवर आपटल्या,
आणि आई कॉटवर उभी राहून
तरंगणारा फ्रिज बघत म्हणाली,
"अगंबाई, हलका निघाला."
तीसुद्धा कुणाची तरी नऊ मीटर असतील.
असाच कुणी बसला असेल, चांगला माणूस,
एखाद्या पोरीच्या हातातला माउस घेऊन.

आज हरित न्यायाधिकरणात तारीख आहे.
प्लॅनच्या सहा प्रती हव्यात, साडेदहाच्या आत.
कातळवेळची माणसं रात्रीच्या एसटीनं आलीत म्हणे,
स्वारगेटला तोंडं धुऊन थेट तिकडंच.
हलिमाबी आली असेल का, ठाऊक नाही.
तिच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, चिखल झेपतो.

सव्वानऊ वाजलेत. सर साडेनऊला येतात.
मी भरतीची रेषा होती तिथं परत आणली.
मग सतरा नंबरच्या दिव्यावर क्लिक केलं.
राखाडीचा पिवळा.
एवढंच. काही वाजलं नाही.

प्लॉटर खोकला, मग इकडून तिकडं जाऊ लागला.
पुलाच्या पोटात पहिला ठिपका उमटला,
दुसरा, मग झुंबड.
मशीन सांगतंय, पिवळी शाई संपत आलीय.
तिसऱ्या प्रतीपासून झाडं
निळसर होत चाललीत.

चालतील.
खाली गेटपाशी स्कूटरचा आवाज,
सरांचीच असावी.
अजून तीन प्रती.