पदरमोड

बर्नाऊलच्या आमच्या घराला तळघर होतं.
त्यात बटाटे, आंबवलेली कोबी,
आणि बटाट्यांखाली यंत्र.
यंत्र म्हणजे काय, कपडे पिळायच्या मशीनचे दोन रूळ
आणि सायकलची साखळी.
बाबा ट्रामच्या कारखान्यात फिटर,
त्यांना कशाचंही काहीही करता यायचं.
शुभवर्तमानाची पानं रात्री छापायची,
शाई आई शिजवायची, त्याच पातेल्यात
ज्यात रविवारी बीटाचं सूप व्हायचं.
आमचं सूप कायम जरासं निळसर.
मला वाटायचं, सगळ्यांचंच असतं.

शाळेत लाल रुमाल बांधायचा दिवस आला
तेव्हा मी नऊ वर्षांची.
बाबा म्हणाले, तैसिया, तुझं तू ठरव.
आता सांगते, ते खरं नव्हतं.
नऊ वर्षांच्या मुलीला बापाचे डोळे दिसत असतात.
सदतीस गळे लाल, एक मोकळा.
फोटोत मी
पडलेल्या दाताच्या जागेसारखी.

फेब्रुवारीत ते आले. चौघं. बूट न काढता.
त्यांनी बटाटे एकेक करून फरशीवर मांडले,
जणू विकत घ्यायचेत.
बाबांनी कोट चढवला,
आईने खिशात लसूण आणि लोकरीचे मोजे कोंबले.
दारातून वळून ते मला काहीतरी म्हणाले
आणि नेमकी ट्राम गेली.

चार वर्षं मी ते वाक्य शोधत होते.
परतल्यावर विचारलं.
म्हणाले, आठवत नाही गं.

तिथे रोज एक कागद पुढे यायचा.
एक सही, आणि घर.
हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा.
मंडळीतल्या बायका डोळे पुसायच्या.
मला मात्र तेवढंच ऐकू यायचं :
एक सही, आणि घर.

आईची दवाखान्यातली नोकरी गेली होती,
ती स्टेशनच्या फरशा पुसायची, रात्रपाळीला.
मेडिकलच्या अर्जावर माझे गुण बरोबर होते,
आडनाव चुकलं होतं.
येफिमने किंमत मोजली, असं लोक म्हणतात.
मोजली ना.
सुटे पैसे आमच्या पदराचे.

दात नव्हते. पाव चहात बुडवून खायचे,
आणि त्या लगद्यासाठीही
आधी डोळे मिटून आभार मानायचे. इतका वेळ,
की चहा निवायचा.

खबर ग्लाफिराने दिली होती,
रस्त्यापलीकडच्या दुमजली घरातली. गल्लीला ठाऊक होतं.
त्या शरदात पहिले बटाटे निघाले
तेव्हा बाबांनी चांगले निवडून बादली भरली
आणि रस्ता ओलांडला.
आई खिडकीशी, ओठ शिवल्यासारखे.
परत येऊन म्हणाले,
तिच्या पोराला त्या वर्षी नोकरी लागायची होती.
बस्स. जणू एवढं पुरे.
मी त्या रात्री जेवले नाही.
ते दर शरदात जात राहिले. मी दर वेळी बादल्या मोजल्या.

बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.
ओब नदी गोठलेली होती, खड्डा खणायला
दोन दिवस आधी शेकोटी पेटवावी लागली.
प्रार्थना झाली, मी ओठ हलवले नाहीत.
माझा विश्वास नाही. लहानपणी होता की नुसती भीती होती,
तेही सांगता येत नाही.

ग्लाफिराला हल्ली दिसत नाही.
पोरगा दूर कुठेतरी, फोनही करत नाही.
गुरुवारी मी जिना चढते,
गुडघे कुरकुरतात, बादली कठड्याला आपटते.
आवाज ऐकून ती आतूनच विचारते,
येफिम, तू का?

घरून निघताना
मी तळाशी एक नासका बटाटा घालते.
बहुतेक वेळा
जिन्यावर थांबून काढून घेते.